कदम बदल

पोस्टिंग म्हटलं की आपल्या फौजी घरांत ट्रंका, मूव्हमेंट ऑर्डर आणि मुलांचे शाळेचे दाखले आठवतात. घोड्यावरच्या माणसाला या शब्दाचा आणखी एक अर्थ माहीत असतो. घोडा ट्रॉटमध्ये असताना स्वाराने एका ठोक्याला उठायचं आणि दुसऱ्या ठोक्याला बसायचं, यालाही इंग्रजीत पोस्टिंग म्हणतात. हा शब्द आला जुन्या इंग्लंडमधल्या पोस्टबॉयकडून. हे पोरगे गाडीवर न बसता जोडीतल्या डाव्या घोड्यावर बसून गाडी हाकायचे. मैलोन्‌मैल ट्रॉट. प्रत्येक ठोक्याला बूड आपटून घेण्यापेक्षा एक ठोका उठून काढला तर स्वाराची कंबर वाचते आणि घोड्याची पाठही. फ्रेंच लोक आजही याला इंग्रजी पद्धतीचा ट्रॉट म्हणतात. आपल्याकडे फौजेत राइजिंग ट्रॉट हा शब्द चालतो.

रायपूरच्या पोस्टिंगमध्ये माझी या दुसऱ्या पोस्टिंगशी पुन्हा गाठ पडली.

एनसीसीच्या स्टाफवर बदली झाली आणि शंकर नगरात भाड्याने घर मिळालं. आधीची बरीच वर्षं घोड्यांत गेलेली. इथे आजूबाजूला मोठे बंगले, गाड्या, संध्याकाळी तेलीबांधा तलावावर फिरायला निघालेली माणसं. या शहरात घोडा दिसला तर वरातीतच, असं मी धरून चाललो होतो. शेजारी एक मराठी कुटुंब होतं. घरातले आजोबा महार रेजिमेंटचे रिटायर्ड सुभेदार. घराणं मूळचं विदर्भातलं, पण चार पिढ्या रायपुरात. इथे अशी मराठी घरं बरीच आहेत. तात्यापाऱ्यात जुनी वस्ती आहे, चौबे कॉलनीत 1935 सालचं महाराष्ट्र मंडळ आहे. त्याआधीचा इतिहास तर घोड्याच्या टापांनीच सुरू होतो. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपूरला आले आणि पुढे 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी छत्तीसगडचा कारभार पाहिला. सुभेदार साहेब ही सगळी सनावळी चहाच्या एका कपात सांगून टाकत.

त्यांची नात बारावीला होती. तिला पशुवैद्यक व्हायचं होतं. दुर्गच्या पुढे अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि तिथे एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटर्नरी, म्हणजे घोड्यांची तुकडी आहे, हे तिने शोधून ठेवलेलं. म्हणून ती शहराबाहेरच्या एका मैदानावर दर शनिवार-रविवार घोडेस्वारी शिकायला जायची. एका रविवारी सुभेदार साहेब माझ्याकडे आले.

"दफेदार, पोरगी घोडा सोडायचं म्हणतेय. एकदा बघून घ्या."

मी तिला विचारलं तर म्हणाली, "काका, माझा डायगोनल लागतच नाही. उजव्या रिंगणात बरोबर येतो, डाव्या रिंगणात दर वेळी चुकतो. सर ओरडतात. माझ्यात तालच नाहीये."

ज्यांचा घोड्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी डायगोनल म्हणजे काय ते सांगतो. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी चाल. साध्या कदम चालीत घोड्याचे चार पाय चार वेगवेगळ्या वेळी पडतात. दुडकीत ठोके दोनच. डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय एकत्र पडतात, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा. अशा दोन तिरप्या जोड्या, म्हणजेच दोन डायगोनल. स्वार एका ठोक्याला उठतो आणि एका ठोक्याला बसतो, म्हणजे तो बसताना दर वेळी एकच जोडी जमिनीवर असते. कोणत्या जोडीवर बसायचं याचा रिंगणातला नियम असा: बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. डाव्या रिंगणात बाहेरचा म्हणजे उजवा खांदा. उजव्या रिंगणात डावा.

नियमामागचं कारण मागच्या पायात आहे. बाहेरच्या पुढच्या पायाबरोबर आतला मागचा पाय चालतो. वळणावर घोड्याला तोल राखायला हाच आतला मागचा पाय पोटाखाली टाकावा लागतो. तो हवेतून पुढे येत असताना स्वार उठलेला असला की पाठ मोकळी मिळते आणि पाय सैल पडतो. तोच पाय जमिनीवर टेकून जोर लावत असताना स्वार बसलेला असला की दोघांचा तोल जुळतो.

सरळ रस्त्यावर आत-बाहेर काही नसतं. तिथे दोन्ही जोड्या सारख्याच, फक्त थोड्या थोड्या अंतराने बदलायच्या. हे बदलणं का महत्त्वाचं, त्याचा हिशोब सोपा आहे. घोडा दुडकीत मिनिटाला साधारण 75 वेळा तीच जोडी टेकवतो. तासाभराच्या दुडकीत स्वार 4,500 वेळा खाली बसतो. बदल केला नाही तर साडेचार हजार वेळा पाठीवरचा भार एकाच मागच्या पायाच्या वाट्याला. फौजेत पिठ्ठू एकाच खांद्यावर टांगून वीस किलोमीटर चाललेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

मी मैदानावर गेलो. कुमैत घोडी होती, अंगाने बरी, डोळा शांत. पोरगी उजव्या रिंगणात छान चालली. मांड चांगली, हात हलका. रिंगण डावं केलं आणि चित्र पालटलं. ती मान खाली घालून घोडीच्या उजव्या खांद्याकडे बघायला लागली. दोन ठोके बसली, उठली, पुन्हा बघितलं, पुन्हा दोन ठोके बसली. घोडी वैतागून मान झटकायला लागली. चार चकरांत डायगोनल एकदाही टिकला नाही. लागला तरी पाचसहा ठोक्यांत पुन्हा उलटा.

मैदानाचे मालक शेजारी उभे होते. म्हणाले, "ये घोड़ी बिगड़ गई है साहब. बाएँ में चलती ही नहीं. सीज़न आते ही बैंडवालों को दे दूँगा."

बँडवाल्यांना देणं म्हणजे वरातीची घोडी. रात्र रात्र डीजेच्या भिंतीपुढे उभं राहायचं, डोळ्यांवर झगमगीत दिवे, पाठीवर नवरदेव आणि त्याच्यापुढे एखादा भाचा. ती काही चांगली निवृत्ती नाही. पोरगी हे ऐकत होती. तिला वाटत होतं की आपल्याला जमत नाही म्हणून घोडी चालली.

मेरठला आमचे एक रिसालदार साहेब होते. ते म्हणायचे, स्वार आणि घोडा यांच्यात भांडण दिसलं तर आधी दोघांना वेगळं कर, मग निवाडा दे. तेच केलं. पोरीला दुसऱ्या, म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यावर बसवलं आणि मी कुमैत घोडीवर बसलो.

पांढऱ्या घोड्यावर डाव्या रिंगणात पोरीचा डायगोनल निम्म्या वेळा बरोबर आला, निम्म्या वेळा चूक. म्हणजे तो अंदाजपंचे होता, नाणं उडवल्यासारखा. तिला तो जाणवत नव्हता, ती खाली बघून शोधत होती. कुमैत घोडी मात्र मलाही डाव्या रिंगणात उलट्याच जोडीवर फेकत होती. मी बरोबर जोडी धरली की तिची चाल खडबडीत व्हायची, मागचा भाग रिंगणाबाहेर सरकायचा. चुकीच्या जोडीवर बसलो की गाडी पुन्हा गुळगुळीत. कसलेला स्वारही थकला की अशा घोड्यावर नकळत चुकीच्या बाजूला जातो, कारण तिथे आराम असतो. शिकाऊ पोरगी तिथे टिकणार कशी?

खाली उतरून घोडीला मागून पाहिलं. कण्याच्या एका बाजूचा मांसल भाग भरलेला, दुसऱ्या बाजूचा सपाट. खोगीर तसूभर एका अंगाला सरकलेलं. रिकिबीचे पट्टे काढून शेजारी धरले तर डावा पट्टा चांगला बोटभर लांब. हे सगळीकडे होतं. घोड्यावर आपण डावीकडूनच चढतो. तलवार डाव्या कमरेला लटकायची त्या काळातली ही सवय. रोज दहा माणसं डाव्या रिकिबीत वजन टाकून चढली की ते चामडं ताणतं. मग स्वाराचा डावा पाय खाली लोंबतो आणि कंबर तिरपी होते. म्हणूनच पागेत पट्टे ठरावीक दिवसांनी डावे-उजवे बदलतात. इथे ते कुणी बदलले नव्हते.

सईसाला विचारल्यावर बाकीचं कळलं. मैदानाच्या एका अंगाला उतार होता, पावसात तिथे चिखल व्हायचा. डावीकडून येताना घोडे त्या वळणावर घसरायचे, म्हणून वर्ग उजव्याच रिंगणात चालवायची पद्धत पडली. चिखल सुकला तरी पद्धत राहिली. घोडीने वर्षानुवर्षे एकाच जोडीवर माणसं वाहिली. ती बिघडलेली नव्हती, एका बाजूने वापरली गेली होती.

मालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. धंद्याचा माणूस, त्यांना दोन महिने हवेच होते सीझनपर्यंत. आधी डॉक्टरांकडून घोडीची पाठ तपासून घेतली, कारण दुखणाऱ्या पाठीवर कसरत करून घेणं हा गुन्हा आहे. जखम नव्हती, एका बाजूचे स्नायू आखडलेले होते. दहा दिवस खोगीर बंद. लांब दोरीवर दोन्ही रिंगणांत हलकी चाल, रोज खरारा, पाठीला मालिश. पट्टे बदलले. चढायला दगडी ओटा ठेवला, म्हणजे रिकिबीवर ओढ नको.

घोडीचं काम मार्गी लागलं. पोरीचं अवघड होतं, कारण तिची अडचण डोळ्यांत होती.

दुडकीत घोड्याचे पाय डोळ्याने पकडणं हे मुळातच कठीण काम आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर घोड्याचे चारही पाय हवेत असतात. यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता, कारण ते कुणाला दिसतच नसे. शेवटी मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅमेरा लावला. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात पालो अल्टोला ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्यांचे फोटो काढले, तेव्हा कुठे जगाने मानलं. हजारो वर्षं घोड्याबरोबर राहिलेल्या माणसाला जे दिसलं नाही, ते शिकाऊ मुलीने वरून, उसळत्या पाठीवर बसून, अर्ध्या सेकंदात बघावं ही अपेक्षा जास्तच आहे. शिवाय मान खाली गेली की खांदे पुढे येतात, वजन घोड्याच्या पुढच्या पायांवर जातं आणि चाल आणखी बिघडते. बाहेरच्या खांद्याकडे नुसत्या नजरेने एकदा बघावं, खात्री करावी, नजर वर. पण आधी अंगाला कळलं पाहिजे.

अंगाला कळतं ते असं. दुडकीत न उठता बसून राहिलं की मागचा जो पाय हवेतून पुढे येतो त्या बाजूला आपलं बैठकीचं हाड किंचित खाली उतरतं. डाव्या रिंगणात डावं हाड खाली गेलं की तोच उठायचा क्षण. मी हे तिला चार तऱ्हांनी सांगितलं. कदम चालीत डोळे मिटून "आता, आता" म्हणायला लावलं. तिथे ते जमायचं. दुडकी आली की पुन्हा मान खाली.

उपाय सापडला तो पायदळाच्या माणसाला. एका संध्याकाळी आमच्या फाटकाशी उभे राहून मी सुभेदार साहेबांना हे सगळं समजावत होतो. ते म्हणाले, "दफेदार, स्क्वाडमध्ये एखाद्याचा पाय चुकला तर काय करतो आपण?"

"कदम बदल, साहेब."

"आणि त्याचा पाय चुकलाय हे त्याला कसं कळतं? पायाकडे बघून?"

मी हसलो. परेडवर पायाकडे बघणाऱ्याचं उस्ताद काय करतो ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बँडचा मोठा ढोल डाव्या पायावर पडतो आणि ज्याचा पाय चुकलाय त्याचं अंगच त्याला सांगतं. मग कदम बदल. न थांबता मागचा पाय पुढच्या पायाच्या टाचेशी आणायचा, पुढचाच पाय पुन्हा पुढे टाकायचा, चाल सुरूच. घोड्यावर डायगोनल बदलायला दोन ठोके सलग बसून पुन्हा उठतात, ते हेच. चालणं थांबत नाही, फक्त एक ठोका मध्ये घालायचा.

दुसऱ्या दिवसापासून शंकर नगरच्या आमच्या गल्लीत संध्याकाळची परेड सुरू झाली. पंच्याहत्तरीचे आजोबा आणि सतरा वर्षांची नात. साहेब काठीने फाटकाच्या लोखंडावर ठोका द्यायचे. "सामने देख! बाएँ, दाहिने, बाएँ." मध्येच मुद्दाम ठोका उलटा करायचे आणि ओरडायचे, "कदम बदल!" पोरगी सुरुवातीला लाजली, कारण बाल्कनीतून लोक बघत होते. आठवड्यात लाज गेली. साहेब हुकूम न देताच ठोका उलटा करायला लागले तेव्हा ती आपणहून कदम बदलायला लागली. मान सरळ, नजर गल्लीच्या टोकाच्या झाडावर.

"आजोबा, पोटात कळतं आधी," ती एकदा म्हणाली. मला हेच वाक्य ऐकायचं होतं.

तिसऱ्या रविवारी पांढऱ्या घोड्यावर तिने दुडकी धरली. सुभेदार साहेब कठड्याशी उभे. मी सांगितलं, आधी बसून रहा, मोजू नकोस, खाली बघू नकोस. तिने सात-आठ ठोके बसून काढले आणि उठली. बरोबर. पुढच्या चकरेत उठली ती चुकीच्या जोडीवर, पण मी तोंड उघडायच्या आत दोन ठोके बसून तिने बदल केला. कठड्यावरून आवाज आला, "शाब्बास, कदम बदल!"

कुमैत घोडीवर बसायला त्यानंतर आणखी दोन आठवडे लागले. तिथे नुसतं कळून भागत नव्हतं, घोडी फेकत असताना बरोबर जोडी धरून ठेवायची होती. म्हणून काम लहान तुकड्यांत केलं. डावं रिंगण मोठं, वीस मीटरचं, दोन चकरा आणि लगेच सैल लगाम. मग सरळ रेषेत दर दहा पावलांना बदल, म्हणजे घोडीच्या दोन्ही अंगांना पाळीपाळीने काम. पहिल्या दिवशी घोडी रागावली. पोरीने तिच्याशी भांडण केलं नाही, फक्त बदल करत राहिली. महिन्याभरात मागून पाहिल्यावर पाठीच्या दोन बाजू सारख्या दिसू लागल्या. घोडीची उजवीची ओढ पूर्ण गेली नाही. वर्षांची सवय दोन महिन्यांत जात नसते. पण डाव्या रिंगणात स्वाराला फेकणं थांबलं. मालकांनी एक दिवस स्वतः बसून चार चकरा मारल्या आणि बँडवाल्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. उताराच्या कोपऱ्यात मुरूमही टाकून घेतला.

आपल्या जुन्या मराठी स्वारांना हा प्रश्न पडला नसता, असं सुभेदार साहेबांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे. लांबच्या मजलेसाठी आपल्याकडे रहवाल चालीचा घोडा नावाजला जायचा. रहवालीत एका बाजूचे पाय बरोबरीने पुढे पडतात, तिरपी जोडी नसते, पाठ उसळत नाही आणि स्वाराला उठावं लागत नाही. उठणं-बसणं आपल्याकडे इंग्रजी पद्धतीच्या रिसाल्यांबरोबर रुजलं. 1953 मध्ये उभ्या राहिलेल्या आणि आजही घोड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या 61 कॅव्हलरीचा जवान दुडकी शिकतो तीही याच पद्धतीने. पण घोड्याच्या दोन्ही बाजूंना सारखं वागवायचं, हे रहवालीतही खरं आणि दुडकीतही.

तुमच्या घरातलं कुणी घोडा शिकत असेल आणि डायगोनलवर अडलं असेल, तर त्याला ताल नाही असं आधी म्हणू नका. रिकिबीचे पट्टे शेजारी धरून मोजा. घोड्याला मागून बघा. त्याला दुसऱ्या घोड्यावर बसवून बघा. दोन्ही घोड्यांवर तीच चूक असेल तर स्वाराचं काम आहे, एकाच घोड्यावर असेल तर घोड्याची पाठ काहीतरी सांगतेय. आणि घरात एखादा पायदळाचा रिटायर्ड माणूस असेल तर त्याच्या हातात काठी द्या, फाटक दाखवा.

माझी रायपूरहून बदली झाली तेव्हा पोरीची प्रवेश परीक्षा व्हायची होती. निघायच्या आदल्या रविवारी ती कुमैत घोडीवरून एका नव्या मुलाला शिकवत होती. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, पांढऱ्या घोड्यावर, मान खाली. तिने आपली घोडी त्याच्या शेजारी आणली आणि अगदी आजोबांच्या आवाजात म्हणाली, "सामने देख!"

जय हिंद.